वाचक विचारतात: स्पास्कीवर लोकांचा एवढा जीव का?

मागच्या अंकात या सदरात रशियन बुद्धिबळपटू बोरिस स्पास्कीवर दोन पानं लिहिली आणि शेवटी ‘शंका असल्यास कळवा’ असं म्हटलं. शिष्टाचार म्हणून म्हणतात, तसंच म्हटलं होतं. पण पत्रं आली, आणि बऱ्याच पत्रांत मला दटावलेलंही आहे. निवडक प्रश्न घेते. नावं छापू नका असं काहींनी कळवलंय, म्हणून सगळ्यांचीच गावं तेवढी देते.

सातारा: आम्ही स्पास्कीचं नाव ऐकलं ते १९७२ साली अमेरिकेच्या बॉबी फिशरकडून हरला म्हणून. तीन वर्षं जगज्जेतेपद, आणि ते राखायची वेळ आली तेव्हा गेलं. तरी तो वारला तेव्हा जगभरच्या खेळाडूंनी इतकं भरभरून का लिहिलं? हरलेल्याचं कौतुक करायची ही कसली रीत?

तुमचा राग मला समजतो. २७ फेब्रुवारी २०२५ला स्पास्की मॉस्कोत गेला, ८८ वर्षांचा होऊन. दुसऱ्या दिवशी आपल्याकडे जे छापून आलं त्यात निम्मा मजकूर फिशरचा होता. माणूस मेला एक आणि मृत्युलेख दुसऱ्याचा! त्यामुळे तो फक्त हरण्यासाठी जन्माला आला होता असं कुणालाही वाटावं.

पण स्पास्की १९७२मध्ये आकाशातून पडला नव्हता. जन्म ३० जानेवारी १९३७चा, लेनिनग्राडचा. १९४१मध्ये जर्मन सैन्याने शहराला वेढा घातला तेव्हा स्पास्की भावंडांना बाहेर काढलं आणि किरोव भागातल्या एका अनाथालयात ठेवलं. पाच वर्षांच्या वयात मोहऱ्यांशी ओळख झाली ती त्या दिवसांत. युद्ध संपल्यावर, १९४६च्या उन्हाळ्यात, शहरातल्या एका बागेत बुद्धिबळाचा मंडप होता तिथे हे पोरगं दिवसभर बसून राहायचं. पुढे पायोनियर पॅलेसमध्ये, म्हणजे मुलांच्या सरकारी छंदकेंद्रात, व्लादिमिर झाक नावाच्या शिक्षकाने त्याला हाताशी धरलं. दहा वर्षांचा असताना बोटविनिक एकाच वेळी अनेक मुलांशी खेळायला आला, त्यात याने बोटविनिकला हरवलं. बोटविनिक पुढच्याच वर्षी जगज्जेता झाला. अठराव्या वर्षी, १९५५मध्ये, स्पास्की कुमारांचा जगज्जेता आणि ग्रँडमास्टर. तेव्हा जगात त्याच्याहून लहान ग्रँडमास्टर नव्हता.

आता पुढचं बघा, कारण मला खरं महत्त्व याचं वाटतं. १९६५मध्ये आव्हानवीर ठरवण्याच्या लढतींत त्याने ओळीने केरेस, गेलर आणि ताल यांना हरवलं. ही तीन नावं एका दमात घ्यायलासुद्धा छाती लागते. मग १९६६मध्ये पेट्रोस्यानशी जगज्जेतेपदासाठी खेळला आणि एका गुणाने हरला, साडेअकरा विरुद्ध साडेबारा. अशा पराभवानंतर बहुतेक जण तिथेच थकतात. कारण पुन्हा आव्हानवीर व्हायचं म्हणजे पुन्हा तीन लढती, पुन्हा तीन राक्षस. स्पास्की पुन्हा रांगेत उभा राहिला. १९६८मध्ये गेलर, लार्सन, कोर्चनोय. १९६९मध्ये पुन्हा पेट्रोस्यान, आणि या वेळी साडेबारा विरुद्ध साडेदहा असा जिंकला.

आणखी एक हिशोब तुमच्या पत्राला उत्तर म्हणून देते. स्मिस्लोव्ह, ताल, पेट्रोस्यान, फिशर, कार्पोव्ह, कास्पारोव्ह. या सहा जगज्जेत्यांपैकी प्रत्येकाला स्पास्कीने निदान दोनदा हरवलेलं आहे. आणि १९७२च्या लढतीसाठी आइसलंडमध्ये रेक्याविकला जाईपर्यंत फिशरने स्पास्कीला एकदाही हरवलं नव्हतं. तीन डाव स्पास्कीने जिंकले होते, दोन बरोबरीत सुटले होते. फिशरसारख्या माणसाला हे किती डाचत असेल!

तेव्हा खेळाडूंनी लिहिलं ते काही हरलेल्याचं सांत्वन नव्हतं. माझी तक्रार उलटीच आहे. ‘सभ्य गृहस्थ’ हा शिक्का त्याच्यावर इतका जोरात मारला गेला की त्याखाली त्याचा खेळ दिसेनासा झाला. त्याच्या सभ्यपणाबद्दल चार गोष्टी सांगणाऱ्या किती लोकांना त्याचे चार डाव आठवतात? मला विचाराल तर तो लोकप्रिय आहे पण त्याच्या योग्यतेइतका प्रसिद्ध नाही. लोकप्रिय असलेल्याचे किस्से टिकतात. डाव मागे पडतात.

चिपळूण: १९७२च्या लढतीत सहाव्या डावानंतर स्पास्कीने फिशरसाठी टाळ्या वाजवल्या ही गोष्ट खरी की दंतकथा? आणि रशियात त्याबद्दल त्याला शिक्षा झाली नाही का?

टाळ्या खऱ्या. प्रेक्षक उठून टाळ्या वाजवत होते आणि मंचावर स्पास्कीही त्यांच्यात सामील झाला. पण नुसतं तेवढं सांगितलं तर ती सुविचारासारखी गोष्ट होते, म्हणून आधीचं थोडं सांगते.

११ जुलै १९७२ला लढत सुरू झाली. पहिल्या डावात सरळ बरोबरीकडे चाललेल्या स्थितीत फिशरने उंटाने कोपऱ्याजवळचं एक प्यादं खाल्लं, उंट अडकला आणि डाव गेला. दुसऱ्या डावाला तो आलाच नाही. कॅमेऱ्यांचा त्रास होतो म्हणे. स्पास्की दोन शून्यने पुढे. या क्षणी त्याने सामान आवरून विमान पकडलं असतं तर कुणी बोट ठेवलं नसतं, आणि मॉस्कोतल्या साहेबलोकांना तेच हवं होतं. फिशरने अट घातली की तिसरा डाव प्रेक्षकांपासून आणि कॅमेऱ्यांपासून दूर, मागच्या एका छोट्या खोलीत खेळायचा. स्पास्की हो म्हणाला. तो डाव फिशरने जिंकला. आयुष्यात पहिल्यांदा स्पास्कीला हरवलं ते तिथे.

माझ्या वडिलांचं मत होतं की लढत त्या खोलीतच गेली. आम्ही तेव्हा कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहायचो. इंग्रजी पेपरात डाव छापून यायचे, तेही जुन्या पद्धतीच्या नोंदीत, ज्यात काळ्याची आणि पांढऱ्याची घरं आपापल्या बाजूने मोजायची. वडील पेपर गुडघ्यावर धरून चाल वाचायचे आणि मी पट्टीच्या पाटावर मोहरी हलवायची. काळ्याच्या चालीला हमखास गोंधळ व्हायचा. ‘अगं, त्याच्या बाजूने मोज, त्याच्या!’ हे वाक्य त्या दोन महिन्यांत घरात जेवणाच्या हाकेपेक्षा जास्त ऐकू आलं असेल. तिसऱ्या डावाची बातमी आली तेव्हा वडिलांनी पेपर घडी करून ठेवला आणि म्हणाले, ‘याने कशाला ऐकलं त्याचं?’ मी शाळकरी होते. मला तर तेव्हा फिशरच आवडायचा. सगळ्या पोरांना आवडायचा.

तर सहावा डाव. आयुष्यभर राजापुढचं प्यादं ढकलणाऱ्या फिशरने त्या दिवशी डावाची सुरुवातच बदलली आणि वजिराच्या गॅम्बिटमध्ये शिरला. गॅम्बिट म्हणजे सुरुवातीलाच प्यादं देऊ करायची खेळी. स्पास्कीने त्यावर आपला ठेवणीतला तार्ताकोव्हर बचाव काढला. म्हणजे फिशरने त्याला त्याच्याच अंगणात गाठून हरवलं. एकही चाल वाया नाही, एकही मोहरा विनाकारण हललेला नाही. ज्याला हा बचाव आतून-बाहेरून ठाऊक आहे त्यालाच कळणार की समोरच्याने काय केलंय, आणि त्या सभागृहात ते सगळ्यात जास्त स्पास्कीला कळलं होतं. त्या टाळ्यांत मोठेपणा होताच, पण मला त्यात जाणकाराची दाद जास्त दिसते. गाणं ऐकताना समेवर आपसूक मान हलते, तशी.

शिक्षेचं म्हणाल तर काही काळ परदेशी स्पर्धांना जाता आलं नाही आणि वरच्यांची मर्जी गेली. पण त्याच्या आधीच्या वर्षी सोव्हिएत ग्रँडमास्टर ताइमानोव्ह फिशरकडून सहा शून्यने हरून परतला, तेव्हा विमानतळावर त्याच्या सामानात बंदी असलेलं पुस्तक सापडल्याचं निमित्त करून त्याचे किताब काढून घेतले होते. त्या मानाने स्पास्की स्वस्तात सुटला. आणि त्याने उत्तर कसं दिलं? १९७३ची सोव्हिएत अजिंक्यपद स्पर्धा जिंकून. कार्पोव्हसकट देशातले बहुतेक सगळे बडे खेळाडू त्यात होते. हेही कुणी सांगत नाही.

जाता जाता: लढत हातची जायला लागली तेव्हा सोव्हिएत बाजूने तक्रार केली की सभागृहात काही यंत्रं बसवून स्पास्कीवर परिणाम केला जातोय. खुर्च्यांचे एक्स-रे काढले, दिवे उघडून पाहिले. दिव्यात दोन मेलेल्या माश्या सापडल्या. जागतिक राजकारणाचा एवढा नेमका पंचनामा क्वचितच झाला असेल.

नागपूर: मी बारा वर्षांची आहे. मला दिव्या देशमुखसारखं खेळायचं आहे. स्पास्कीचा एकच डाव बघायचा असेल तर कोणता बघू?

तुझ्या पत्राला मी सगळ्यात आधी उत्तर लिहिलं, छापताना ते तिसरं आलं एवढंच. दिव्याने २०२५मध्ये बातुमीला महिला विश्वचषक जिंकला, त्यानंतर तुमच्या नागपुरातून येणारी पत्रं बदलली आहेत. पूर्वी आईवडील लिहायचे, आता मुली लिहितात.

पट मांडून बस. मोबाइलवर नको, खऱ्या पटावर. डाव सतरा चालींचा आहे.

साल १९७०, बेलग्रेड. सोव्हिएत संघ विरुद्ध उरलेलं जग अशी दहा पटांची लढत. पहिल्या पटावर डेन्मार्कचा बेंट लार्सन पांढऱ्या मोहऱ्यांनी, स्पास्की काळ्या. स्पास्की तेव्हा जगज्जेता होता. लार्सनने पहिलीच चाल बी ३ केली, म्हणजे वजिराच्या बाजूचं प्यादं फक्त एक घर. त्याला असल्या वाकड्या वाटा आवडायच्या. स्पास्कीने मधलं प्यादं पुढे रेटत ई ४ पर्यंत आणलं आणि पांढऱ्याच्या घोड्याला हुसकावलं. घोड्यांची मारामारी झाली, काळ्याने वजिराच्या बाजूला कॅसलिंग केलं, म्हणजे राजा मधून हलवून हत्तीच्या आडोशाला नेला. पांढऱ्याचा राजा मात्र अजून मधेच. आणि त्यात लार्सनने एफ ४ केलं. इथे थांब आणि पांढऱ्या राजाकडे बघ. त्याच्या बाजूने वारा येतोय की नाही?

स्पास्कीचा घोडा जी ४ वर आला. आता वजीर एच ४ वर येऊन शह देणार म्हणून पांढऱ्याने जी ३. काळ्याने एच ५. पांढऱ्याने एच ३ करून घोड्याला विचारलं, जातोस की मारू? स्पास्कीने घोड्याकडे पाहिलंच नाही, एच ४ केलं. मार! लार्सनने घोडा मारला. काळ्याच्या प्याद्याने जी ३ वरचं प्यादं मारलं. आता एच पट्टी मोकळी झाली आणि दोन्ही हत्ती समोरासमोर आले. लार्सनने आपला हत्ती शेजारी जी १ वर सरकवला.

इथे पुस्तक झाकून दहा मिनिटं विचार कर. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी बहुतेक जण वजीर एच ४ वर नेतात, लगेच. चाल वाईट नाही, पण मग पांढऱ्याचा हत्ती जी २ वर येऊन प्याद्याची वाट अडवून बसतो आणि पांढरा तग धरतो. म्हणजे अडचण कोणती? तो हत्ती जी पट्टीवर आहे ही. मग त्याला तिथून उठवायला काय करशील?

स्पास्कीने आपला हत्ती थेट एच १ वर नेऊन ठेवला. पांढऱ्याच्या कोपऱ्यात, पांढऱ्या हत्तीच्या अगदी मांडीला मांडी लावून, फुकट. तो मारावाच लागतो. मारला की पांढऱ्याचा हत्ती जी पट्टीवरून हलला, आणि काळ्याचं प्यादं जी २ वर सरकलं, तेही त्या हत्तीवरच डोळा ठेवून. हत्ती एफ १ वर पळाला. मग वजीर एच ४, शह. राजा डी १ वर. प्याद्याने हत्ती मारून वजीर केला, पुन्हा शह. लार्सनने डाव सोडला. घोडा गेला, हत्ती गेला, आणि साध्या एच प्याद्याने घरी जाऊन वजिराची वस्त्रं घातली.

एक सांगते, कारण पुस्तकं हे गाळतात. पुढच्याच फेरीत लार्सनने स्पास्कीला हरवलं. आणि ती सगळी लढत सोव्हिएत संघाने अवघ्या एका गुणाने जिंकली, साडेवीस विरुद्ध साडेएकोणीस.

पुणे: माझा मुलगा हरला की रडतो. स्पर्धेच्या हॉलमध्ये लाज वाटते. त्याला स्पास्कीचं उदाहरण सांगितलं तर चालेल ना, की बघ तो कसा टाळ्या वाजवायचा?

नका सांगू. आणि लाज तुम्हाला वाटते की त्याला, हे आधी ठरवा.

स्पास्की लहानपणी हरला की रडायचा. मोठेपणीही रडला आहे. १९५८मध्ये रीगाला सोव्हिएत अजिंक्यपद स्पर्धेची शेवटची फेरी होती, समोर ताल. डाव तहकूब झाला तेव्हा स्पास्कीची बाजू वरचढ होती. रात्रभर जागून त्याने त्या स्थितीचा कीस काढला आणि सकाळी शिणलेला येऊन बसला. मधे तालने बरोबरी देऊ केली, याने नाकारली. मग हळूहळू पकड सुटत गेली आणि तो हरला. ताल देशाचा अजिंक्यवीर झाला, पुढे १९६०मध्ये जगज्जेता. स्पास्कीच्या हातून जगज्जेतेपदाच्या वाटेवरची पुढची पायरी निसटली. तो रस्त्यावर जाऊन लहान मुलासारखा रडला, असं त्यानेच पुढे सांगितलं. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता.

१९७२च्या टाळ्या या त्यानंतर चौदा वर्षांनी आलेल्या आहेत. आठ वर्षांच्या मुलाकडून त्या आजच कशा मागता? हॉलबाहेर न्या, पाणी द्या, आणि गाडीत बसल्या बसल्या ‘ती चाल का केलीस?’ असं विचारू नका. बाकी मी पुण्यात इतक्या वेळा सांगून झालंय की आता माझाच घसा बसलाय.

पणजी: रशियन खेळाडूंत सर्वांत लोकप्रिय कोण? कास्पारोव्हचं नाव तर घराघरांत आहे.

घराघरांत आहे, बरोबर. पण ते बाकूत जन्मलेल्या कास्पारोव्हचं नाव आहे, आणि त्यात संगणकाशी झालेल्या लढतीचा आणि राजकारणाचा वाटा मोठा. आपल्याकडे तर १९९५मध्ये न्यूयॉर्कला तो आनंदविरुद्ध खेळला म्हणून तो पोचला. कार्पोव्ह उरालमधल्या झ्लातोउस्तचा, सरकारचा लाडका, आणि फिशर न खेळल्यामुळे १९७५मध्ये पटावर न बसता जगज्जेता झालेला. त्याचा दोष नाही, पण लोकांच्या मनात ती किनार राहिली. खेळाडू म्हणून मी त्याला स्पास्कीच्या वर ठेवते. १९७४मध्ये त्याने स्पास्कीला लढतीत चांगलंच हरवलंय. ताल हा रीगाचा, लॅटव्हियाचा, आणि त्याच्यावर प्रेम न करणारा बुद्धिबळपटू मी तरी पाहिलेला नाही.

पण प्रतिस्पर्ध्यांमध्ये लोकप्रिय कोण, असं विचारलंत तर स्पास्की. ज्यांच्याशी आयुष्यभर डोकं फोडलं त्यांनी तुमच्याबद्दल चांगलं बोलावं ही फार अवघड गोष्ट असते, आणि बुद्धिबळात तर फारच. इथे लोक दहा दहा वर्षं एकमेकांशी हस्तांदोलन करत नाहीत.

डोंबिवली: शेवटी तो फ्रान्सला गेला ना? मग त्याला रशियन म्हणायचं कसं? आणि फिशरशी त्याची मैत्री होती हे कितपत खरं?

१९७५मध्ये त्याने फ्रान्सच्या वकिलातीत काम करणाऱ्या मरिनाशी लग्न केलं, हे त्याचं तिसरं लग्न. पुढच्या वर्षी पॅरिसजवळ राहायला गेला. १९७८मध्ये फ्रान्सचं नागरिकत्व मिळालं, आणि ऐंशीच्या दशकात तीन बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये, म्हणजे देशांच्या संघांच्या स्पर्धेत, तो फ्रान्सकडून खेळला. तो कम्युनिस्ट पक्षाचा सभासद कधीच नव्हता, आणि पत्रकांवर सह्या करायला सांगितलं की टाळायचा. स्वतःला तो आळशी रशियन अस्वल म्हणवून घ्यायचा, तेव्हा रशियनपणाचा प्रश्न त्याच्या मनात तरी मिटलेला असावा. पहिल्या लग्नाबद्दल त्याने म्हटलं होतं की आम्ही विरुद्ध रंगांच्या घरांवरचे उंट झालो होतो. ज्यांना बुद्धिबळ येत नाही त्यांच्यासाठी: असे दोन उंट जन्मभर एका पटावर फिरले तरी एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. २०१०मध्ये पक्षाघाताचा मोठा झटका आला, आणि २०१२मध्ये तो मॉस्कोला परतला. त्या परतण्याभोवती घरगुती वाद होते, त्यात मी पडत नाही.

मैत्री खरी. १९९२मध्ये दोघं युगोस्लाव्हियात पुन्हा खेळले, पन्नास लाख डॉलर बक्षिसावर, युद्ध आणि निर्बंध चालू असताना. फिशरने दहा डाव जिंकले, स्पास्कीने पाच, पंधरा बरोबरीत. खेळ म्हणून त्यात जुनी धार नव्हती, असं माझं मत, आणि पैशांसाठी खेळले हेही उघड आहे. पण निर्बंध मोडले म्हणून अमेरिकेने फिशरवर अटक वॉरंट काढलं, आणि २००४मध्ये तो जपानच्या नारिता विमानतळावर पकडला गेला. तेव्हा स्पास्कीने अमेरिकेच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं. त्यात आधी दयेची विनंती होती, आणि ती मान्य नसेल तर एक दुसरी मागणी: गुन्हा तर मीही तोच केलाय, तेव्हा मलाही अटक करा, बॉबीच्याच कोठडीत ठेवा, आणि आम्हाला बुद्धिबळाचा एक संच द्या.

फिशर त्या काळात जगाबद्दल काय काय अभद्र बोलत होता ते स्पास्कीला ठाऊक होतं, पत्रात त्याने ते झाकलेलंही नाही. आमच्या क्लबात एकदा हे पत्र वाचून दाखवलं तेव्हा एक गृहस्थ म्हणाले, ‘ही काय मैत्री, हा तर वेडेपणा.’ असेलही.

रत्नागिरी: जेम्स बाँडच्या एका जुन्या चित्रपटात जो बुद्धिबळाचा डाव दाखवलाय तो स्पास्कीचा आहे म्हणे. आणि दुसरं, तो खेळायचा तो किंग्ज गॅम्बिट आम्ही कॉलेजच्या स्पर्धेत खेळावा का? सर म्हणतात, खोटा आहे.

डाव त्याचाच. १९६०मध्ये लेनिनग्राडला ब्रॉनस्टाइनविरुद्ध खेळलेला, किंग्ज गॅम्बिटच. १९६३च्या चित्रपटात खलनायकाच्या बाजूने पटावर मांडलाय, फक्त मधली दोन पांढरी प्यादी गायब आहेत. का काढली देव जाणे. मूळ डावात स्पास्कीने काय केलंय ते बघा: काळ्याचं प्यादं हत्ती मारून शहासकट वजीर होणार हे दिसत असताना हत्ती तसाच सोडला आणि घोडा डी ६ वर नेला. संगणकाला विचाराल तर तो नाक मुरडेल. ब्रॉनस्टाइनसमोर संगणक नव्हता, घड्याळ होतं.

आता तुमचे सर. त्याच वर्षी मार देल प्लाताला स्पास्कीने किंग्ज गॅम्बिटने फिशरलाही हरवलं होतं, आणि दोघांनी ती स्पर्धा बरोबरीने जिंकली. तो पराभव फिशरच्या इतका जिव्हारी लागला की १९६१मध्ये त्याने लेख लिहून जाहीर केलं, हा गॅम्बिट खोटा आहे, म्हणजे काळा अचूक खेळला तर टिकत नाही. सर बहुधा तिथूनच बोलतायत. पण लेख लिहून झाल्यावर दोन वर्षांत फिशर स्वतः अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेत हाच गॅम्बिट खेळला आणि जिंकला. फक्त तिसऱ्या चालीला घोड्याऐवजी उंट काढला.

तेव्हा खेळा. काळ्याने एफ ४ वरचं प्यादं घेऊन जी ५ ने राखलं तर काय करायचं, ते मात्र घरून ठरवून जा. तिथे घड्याळ चालू असताना शोधत बसलात तर सरच खरे ठरतील.